एकोणीस अख्ख्या, चार अर्ध्या

मुलाची नोकरी गेल्याचं सेन्या हारयूला मुलाने सांगायच्या आधी कळलं, आणि कळलं तेही एका चिठ्ठीवरून, जिच्यावर एकही पुरा शब्द नव्हता.

दर गुरुवारी संध्याकाळी ग्लेन पेसोनेन कारखान्यातून घरी जाताना तिच्या दाराशी गाडी थांबवायचा, पायरीवर बूट आपटून बर्फ झाडायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेस्ट्यांची चिठ्ठी ओट्यावर ठेवायचा. चिठ्ठीत नुसती अक्षरं. आर. एल. म्हणजे रॉय लाम्पी, डी. एच. म्हणजे डेनिस हारयू, तिचा थोरला. ग्लेनच्या बापाने, उरहो पेसोनेनने घालून दिलेली रीत होती ही. शुक्रवारी दुपारी कामावरच्या प्रत्येक माणसाला मांस, बटाटा आणि पिवळा सलगम भरलेली, करंजीसारखी मुरड घातलेली एक गरम पेस्टी, आणि तिच्या पाठीवर ज्याची त्याची अक्षरं टोचलेली, म्हणजे कुणी कुणाची उचलू नये. सेन्याची शाळा तिसरीत सुटली होती. लाकूडतोड्यांच्या तळावर आईच्या हाताखाली बटाटे सोलायला गेली ती परत वर्गात बसलीच नाही. तिला जी काही अक्षरं येत होती ती कणकेवर टोचून टोचून आलेली. पण टोचलेलं अक्षर ती विसरत नसे. पुस्तकातलं विसरणारे पुष्कळ पाहिले होते तिने.

त्या गुरुवारी ग्लेन आत आलाच नाही. चिठ्ठी दाराबाहेरच्या टपालाच्या डब्यात कोंबून गेला. सेन्याने ती उजेडाला धरली, वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. डी. एच. नव्हता.

"चष्मा घाला ना, मुम्मू," बेव्ह म्हणाली. बेव्ह म्हणजे डेनिसची बायको. गावात लहानथोर सगळेच सेन्याला मुम्मू म्हणत, आजी या अर्थाने. सुनेनेही पोरं झाल्यावर तेच उचललं होतं.

"चष्म्याने नसलेलं अक्षर येतं का चिठ्ठीत?" सेन्या म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला काढलाय त्याने. आणि मला तोंड दाखवायची छाती झाली नाही म्हणून डब्यात टाकून पळाला. याची लंगोटी बदललीय मी. तेव्हाही असाच होता, करून ठेवायचं आणि तोंड फिरवायचं."

तासाभराने डेनिस आला. जेवणाचा डबा, वेल्डिंगचा मुखवटा आणि हातमोजे एका खोक्यात घालून. एकोणीस वर्षं त्याने सौनाच्या, म्हणजे वाफेने घाम काढायच्या खोलीच्या, भट्ट्या जोडल्या होत्या. या भागात असं घर नव्हतं जिथल्या सौनात डेनिसने जोडलेली भट्टी नाही. खोकं त्याने कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाला, "मागणी कमी झालीय म्हणे."

"हिवाळ्यात सौनाची मागणी कमी झाली," सेन्या म्हणाली. "बरं. उन्हाळ्यात वाढेल, लोक घामाघूम असतात तेव्हा."

डेनिस हसला नाही.  बेव्ह खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. शरद ऋतूपासून ती अशीच काहीतरी धरून उभी राहायची. तिच्या हृदयाची एक झडप गळत होती. जिना चढली की ओठ निळे पडायचे. ग्रीन बेच्या डॉक्टरने नऊ मार्च ही ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि सगळा खर्च कंपनीच्या आरोग्यविम्यावर होता. फेब्रुवारीची सोळा तारीख होती ती.

"विमा राहतो," डेनिस म्हणाला. "नोकरी गेली तरी दीड वर्षापर्यंत कंपनीच्या विम्यात राहता येतं. हप्ता आपण भरायचा, कंपनीचा वाटासुद्धा आपणच. कायदा आहे तसा."

"मग भर," सेन्या म्हणाली.

मंगळवारी ग्लेनचं पत्र आलं. बेव्हने ते मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबली. पत्रात लिहिलं होतं की हा कायदा वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांनाच लागू आहे, पेसोनेन स्टोव्हमध्ये पंधरा माणसं कामावर आहेत, त्यामुळे श्री. हारयू यांचं विमासंरक्षण महिनाअखेरीस संपेल. खाली शुभेच्छा होत्या.

"पंधरा," सेन्या म्हणाली. "पुन्हा वाच तेवढं."

"पंधरा लिहिलंय."

सेन्याने ओट्याकडे पाठ केली आणि बशा धुवायला घेतल्या. ज्या बशा आधीच धुतलेल्या होत्या त्याही धुतल्या.

पुढचे दोन दिवस डेनिसने विमा कंपन्यांना फोन केले. त्या काळी आजारी माणसाला नवी विमा कंपनी उंबऱ्याच्या आत घेत नसे. एकीने विचारलं, झडप कधीपासून गळतेय? डेनिसने खरं सांगितलं. हारयू लोकांना तेवढंच येतं. दुसरीनेही तेच विचारलं, त्याने तिलाही खरं सांगितलं. शेवटी कुणीतरी त्याला सांगितलं की पलीकडच्या विस्कॉन्सिनात लहान कंपन्यांनाही असा कायदा आहे, मिशिगनात नाही.

"म्हणजे बेव्हचं हृदय सत्तर मैल दक्षिणेला गळत असतं तर चाललं असतं," सेन्या म्हणाली. "राज्याची हद्द आखणाऱ्याने झडपेला विचारून आखायला हवी होती."

"आई, जाऊ दे. मी ग्लेनशी बोलतो. सांगतो, बाबा रे, एवढं ऑपरेशन होईपर्यंत—"

"हात पसरणार आहेस त्याच्यापुढे?"

"मग काय करू?"

 सेन्याची नजर स्वयंपाकघराच्या दारामागे गेली होती. तिथे एक लांब खिळा होता आणि खिळ्याला चिठ्ठ्यांचा गठ्ठा टोचलेला. उरहो जिवंत असताना एकदा म्हणाला होता की सेन्या हिशेबात दोन पेस्ट्या जास्त लावते. तेव्हापासून त्या घरातून आलेली एकही चिठ्ठी तिने चुलीत घातली नव्हती. तिच्यावर बोट रोखणारा माणूस मेला तरी ती पुरावा टाकणाऱ्यातली नव्हती.

"बेव्ह," ती म्हणाली, "हा कायदा ज्यांचा आहे त्यांना फोन लाव. ग्लेनला नाही, विमावाल्यांना नाही. सरकारला. आणि विचार, वीस म्हणजे कोण वीस, आणि कधीचे वीस."

"सरकारला काय फोन लावता मुम्मू, ते काय घरी असतात का?"

"पगार घेतात ना? मग असतील."

बेव्हने मजूर खात्याला फोन लावला. पावणेदोन तास तिला ताटकळत ठेवून बाजा ऐकवला. मग एक बाई आली, आणि बाई कामाची निघाली. बेव्हने चर्चच्या पत्रकाच्या मागे तिचं सगळं उतरवून घेतलं आणि फोन ठेवल्यावर वाचून दाखवलं. एक, आज किती माणसं आहेत ते बघायचं नाही, गेल्या वर्षी कामाच्या निम्म्याहून जास्त दिवस किती होती ते बघायचं. दोन, एकाच मालकाच्या दोन कंपन्या असतील तर दोन्हींची माणसं एकत्र धरायची, नाव वेगळं असलं तरी. तीन, अर्धवेळ काम करणारा माणूस सोडायचा नाही. तो जेवढे तास काम करतो तेवढा भाग धरायचा. निम्मे तास करतो तर अर्धा.

"अर्धा माणूस," सेन्या म्हणाली.

"हो. असंच म्हणाली ती."

सेन्याच्या तोंडावर कित्येक दिवसांत नव्हतं ते हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

गोष्ट अशी होती. उरहो गेल्यावर ग्लेन मालक झाला आणि दुसऱ्याच महिन्यात सेन्याच्या ओट्याला टेकून म्हणाला होता की भट्ट्यांच्या दारांच्या काचा गुंडाळणाऱ्या चार बायका अर्धाच दिवस येतात, तर त्यांना अर्धी पेस्टी पुरे. सेन्याला आधी वाटलं पोरगा चेष्टा करतोय. तिने सांगितलं, अर्ध्या पेस्टीला मुरड नीट बसत नाही, रस बाहेर येतो. तो म्हणाला, मुरड तुमचा प्रश्न. तेव्हापासून चिठ्ठीत शेवटच्या चार जोड्यांपुढे तो स्वतःच्या हाताने एक आडवी रेघ मारायचा. रेघ म्हणजे अर्धी. सहा वर्षं त्या चार अर्ध्या पेस्ट्या करताना सेन्या दर शुक्रवारी त्याला नावं ठेवत होती. आता तिला वाटलं, बरं झालं चिकट निघाला. उदार माणसाच्या हातून असा लेखी हिशेब कधी मागे उरला नसता.

तिने खिळ्यावरून गठ्ठा उतरवला. बेव्हने आणि तिने गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. हरणांच्या शिकारीच्या सुट्टीचा आठवडा आणि नाताळचा आठवडा सोडून पन्नास निघाल्या. त्यातल्या सेहेचाळीस एकसारख्या होत्या. सतरा भट्टीवाले. त्यांच्या खाली दोन ट्रकवाले, ज्यांचे ट्रक ग्लेनच्याच मालकीच्या, पण दारावर दुसरं नाव रंगवलेल्या कंपनीत होते. आणि चार रेघवाल्या.

"सतरा आणि दोन एकोणीस," बेव्ह म्हणाली. "चार अर्ध्या म्हणजे दोन. एकवीस."

"मला सांगतेस?" सेन्या म्हणाली. "मी लाटल्यात त्या."

डेनिसने चिठ्ठ्या पाहिल्या. "आई, हे काय पगारपत्रक आहे का? तो म्हणेल पेस्ट्यांवरून कोण माणसं मोजतं."

"तो मोजतो. अक्षर त्याचंय."

शुक्रवारी ती पहाटेच उठली. ग्लेनची त्या आठवड्याची चिठ्ठी आली होती, पंधरा, दोन आणि चार रेघा. तिने ती बाजूला ठेवली आणि गेल्या वर्षीची एक उघडून मैद्याच्या डब्याला टेकवली. एकोणीस अख्ख्या केल्या, चार अर्ध्या केल्या, अक्षरं टोचली. डी. एच. टोचताना काटा जरा खोल गेला. दुपारी तिने डेनिसला गाडी काढायला लावली. बेव्ह म्हणाली, मीही येणार. सेन्या म्हणाली, तू निळी पडशील. बेव्ह म्हणाली, पडले तर पडले, लोकांनी बघावं.

कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. लांब टेबलाभोवती माणसं बसली होती आणि ग्लेन टोकाला उभा होता, कॉफीचा पेला घेऊन. सेन्याने परात टेबलाच्या मधोमध ठेवली. कुणाचा हात पुढे येण्याआधीच म्हणाली, "थांबा. आज मालक मोजून देणार आहेत."

"काय चाललंय मुम्मू?" ग्लेन म्हणाला. मग त्याची नजर दारातल्या डेनिसवर गेली.

"काही नाही रे. तू पत्रात पंधरा लिहिलंस. मला वाटलं माझ्या मोजण्यात चूक असेल, तिसरीतच शाळा सुटली ना माझी. तू कॉलेजात गेलेला. मोज."

"हे बघा, ते कायद्याचं काम आहे. त्याचा आणि जेवणाचा काय संबंध?"

"मोज तर खरा."

 ग्लेनने पेला ठेवला. त्याला वाटलं असावं की म्हातारीचं मन राखून पटकन मोकळं व्हावं. त्याने बोटाने मोजलं आणि म्हणाला, "हे दोन ट्रकवाले तर माझ्या कंपनीत नाहीतच."

"मग ती कंपनी कुणाची? सांताक्लॉजची?"

कुणीतरी नाकातून हसलं.

"वेगळी कंपनी आहे," ग्लेन म्हणाला.

"मालक एकच असेल तर दोन्ही एकत्र धरायच्या," दारातून बेव्ह म्हणाली. तिचा श्वास लागला होता, पण पत्रक तिच्या हातात होतं. "मजूर खात्याची बाई म्हणाली. नाव आणि नंबर लिहून घेतलाय मी."

ग्लेनने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "आणि या चार जणी अर्धवेळ आहेत. त्या धरत नाहीत."

"धरतात. अर्ध्या," सेन्या म्हणाली. "तू धरतोस तशाच. सहा वर्षं मी म्हणत होते, पोरा, माणूस अर्धा नसतो. तू ऐकलं नाहीस. बघ, सरकारचं आणि तुझं कसं जुळलं."

काचावाल्या चौघींपैकी एकीने आपली अर्धी पेस्टी उचलली, इकडून तिकडून पाहिली आणि परत ठेवली.

ग्लेन लाल झाला होता, पण एकदम त्याचा चेहरा सैल पडला. त्याने परातीतून दोन पेस्ट्या उचलून बाजूला ठेवल्या. एक डी. एच. आणि एक ई. एस., जो जानेवारीत काम सोडून फ्लोरिडाला लेकीकडे गेला होता. "ठीक आहे. सगळं तुमच्या मनासारखं धरू. ही दोन माणसं आज इथे नाहीत. उरल्या सतरा अख्ख्या आणि दोनाच्या बरोबरीच्या चार अर्ध्या. एकोणीस. वीस नाहीत, मुम्मू. एक कमी. मला वाईट वाटतं, पण कायदा कायदा आहे."

तो हे बोलला आणि पेला उचलून कॉफीचा घोट घेतला. सेन्याने तो घोट खाली उतरू दिला.

मग तिने एप्रनच्या खिशातून गठ्ठा काढला. पन्नास चिठ्ठ्या, मधोमध खिळ्याचं भोक. तो गठ्ठा ग्लेनने बाजूला काढलेल्या दोन पेस्ट्यांशेजारी ठेवून ती म्हणाली, "कायदा आजचं विचारत नाही रे. गेल्या वर्षीचं विचारतो. निम्म्याहून जास्त दिवस. गेल्या वर्षी हे दोघे इथे होते. दर शुक्रवारी तूच लिहून दिलेत. शुक्रवारपुरतंच येत होते आणि बाकी आठवडा घरी बसत होते, असं म्हणायचं असेल तर पगारपत्रक काढ, सगळे बघू." तिने त्या दोन पेस्ट्या उचलल्या आणि परातीत होत्या तिथे परत ठेवल्या. "एकवीस."

ग्लेनने वरची चिठ्ठी उचलली. स्वतःचं अक्षर पाहिलं, रेघा पाहिल्या. मग बोलला तो वेगळ्याच आवाजात बोलला. "तुम्हाला कळत नाहीये. एवढं मोठं ऑपरेशन आमच्या विम्यावर पडलं तर पुढच्या वर्षी सगळ्यांचा हप्ता वाढेल. एजंटने सांगितलंय मला. मी या सगळ्यांचा विचार करतोय."

टेबलाभोवती दोघातिघांनी माना खाली घातल्या. ते सेन्याने पाहिलं आणि मनात ठेवलं. हप्ता वाढणार म्हटल्यावर मान खाली जाते, हे तिला नवीन नव्हतं. तिचा नवरा खाणीतल्या धुळीने छाती भरून गेला तेव्हाही माना अशाच खाली गेल्या होत्या.

मग रॉय लाम्पी म्हणाला, "ग्लेन, माझा गुडघा मे महिन्यात बदलायचाय."

"हो, मग?"

"मग काही नाही. एप्रिलमध्ये मागणी कमी होणार असेल तर आधी सांग. नाहीतर मी दर गुरुवारी मुम्मूच्या चिठ्ठीत माझी अक्षरं शोधत बसेन."

 रॉयने आपली पेस्टी उचलली आणि मुरडीकडून खायला सुरुवात केली. मग बाकीच्यांचेही हात पुढे आले. परातीत डी. एच. आणि ई. एस. तेवढ्या राहिल्या. सेन्याने डी. एच. रुमालात बांधून दारातल्या डेनिसच्या हातात दिली.

"वकिलाला विचारतो," ग्लेन म्हणाला.

"विचार," सेन्या म्हणाली. "तो तुझ्याकडून पैसे घेऊन हेच सांगेल. मी पेस्टीवर सांगितलं."

 परत येताना बेव्ह मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. चर्चच्या वळणावर ती म्हणाली, "मुम्मू, त्याने नाहीच ऐकलं तर?"

"तर तू त्या बाईला परत फोन लावायचास, आणि मी या चिठ्ठ्या घेऊन तिच्या दारात जाऊन बसायचं. वॉशिंग्टनला असली तरी."

"पेस्ट्या घेऊन?"

"पेस्ट्या कशाला? ती काय माझी लागते?"

बेव्ह हसली आणि त्या हसण्याने तिला खोकला आला. सेन्याने मागे हात केला आणि तिचा गुडघा धरून ठेवला, घर येईपर्यंत.

गुरुवारी पाकीट आलं. आधीच्या पत्रात चूक झाली होती म्हणे, मोजणीची. सोबत अर्ज होता, सही करून साठ दिवसांत द्यायचा. डेनिस म्हणाला, साठ दिवस आहेत, सोमवारी जाऊन देतो. सेन्याने पेन त्याच्या हातात कोंबलं आणि सही होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहिली. मग त्याला गाडीत बसवलं आणि अर्ज त्याच दुपारी कारखान्यात पोचता केला, पोच घेऊन. पोच खिळ्याला टोचली.

पाकिटात आणखी एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की यापुढे शुक्रवारी पेस्ट्या नकोत, कंपनी खर्च कमी करते आहे. बेव्हने तो वाचला आणि कसनुसं तोंड केलं. "मुम्मू, हे माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे काय झालं? तेवढ्या पेस्ट्या कमी लाटायच्या. माझ्या खांद्याला विचार, तो तुझे पाय धरेल." खरं तर त्या शुक्रवारच्या पैशांवर तिचं हिवाळ्याचं सरपण यायचं. पण हे तिने सुनेला सांगावं असा दिवस अजून उगवायचा होता.

बेव्हचं ऑपरेशन नऊ तारखेलाच झालं. ग्रीन बेहून डेनिसचा फोन आला की झडप बसली, शुद्धीवर आली, पाणी मागतेय. सेन्या म्हणाली, "मग दे ना, फोन कशाला करत बसलास." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीला हात टेकून उभी होती.

दोन आठवड्यांनी सगळी घरी आली. शुक्रवार होता. बेव्ह खिडकीशी बसली होती, ओठ गुलाबी. सेन्याने तिच्यासाठी पेस्ट्या केल्या होत्या आणि कडेला एक छोटी वेगळी ठेवली होती, मुरड नीट न बसलेली, एका बाजूने रस आलेला. तिच्यावर जी. पी. टोचलं होतं.

"हे कुणासाठी?" डेनिसने विचारलं.

"ग्लेनसाठी. जाता जाता कारखान्यात देऊन ये. आमच्याकडून कुणी उपाशी राहायला नको."

डेनिसने ती हातात घेऊन पाहिली. "अर्धीच?"

"मोजून केलीय," सेन्या म्हणाली. "तो तेवढाच भरतो."